आपले मूल मोजणीत बसते का, ते आधी पाहा

दहावीचे वर्ष, सहामाही परीक्षा तोंडावर, आणि माझ्या मुलीच्या शाळेत गणित व विज्ञान शिकवणारे एकुलते एक शिक्षक संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवण्याच्या सरकारी हिशेबात, अतिरिक्त ठरून दुसऱ्या तालुक्यात समायोजित झाले. शाळा जिल्हा परिषदेची, पाचवी ते दहावीची, लहान पटाची. गणिताला दुसरे कोणीच नसताना हे एक अतिरिक्त कसे, असा प्रश्न मी एका कार्यालयात विचारून पाहिला. त्या निमित्ताने जे ज्ञान पदरात पडले, ते एकट्यापाशी ठेवणे अप्पलपोटेपणाचे होईल. म्हणून, आपले मूल लहान सरकारी हायस्कुलात घालण्याचा धाडसी विचार करणाऱ्या सुज्ञ पालकांच्या हितासाठी हे लिहीत आहे.

सर्वप्रथम, अशा शाळेच्या फायद्यांपासून सावध राहावे. मोठ्या शाळेत साठ-सत्तर मुलांच्या तुकडीत आपले मूल वर्षभर शेवटच्या बाकावर निर्धास्त बसू शकते. त्याला कोणी उठवत नाही, काही विचारत नाही, आणि त्याला काय येत नाही हे थेट निकालाच्या दिवशी उघड होते. लहान वर्गात ही सोय नाही. कोणाचे अपूर्णांक कच्चे आहेत, कोणाची वही आठवडाभर कोरी का आहे, कोणाच्या घरी कोण आजारी आहे, हे शिक्षकांना ठाऊक असते, आणि रोज एकदा तरी प्रत्येकाला उभे राहून उत्तर द्यावेच लागते. एवढे लक्ष मिळालेल्या मुलाला शिकवणी लावण्याची गरज वाटेनाशी होते, हा त्यातला आणखी एक धोका. जबाबदारीचेही तसेच. मुलेच थोडी असल्यामुळे परिपाठ घेणारी, ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली सांभाळणारी, स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करणारी आणि पाचवीच्या पोरांना पाढे म्हणायला लावणारी मुलगी एकच असते. मोठ्या शाळेत जिला कोणी गर्दीतल्या झाडाचीही भूमिका दिली नसती, ती इथे नाटकात मुख्य काम करते आणि तिला उगाचच वाटू लागते की आपल्याला काहीतरी जमते.

तोटे मात्र खरे आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. विषयाला एकच शिक्षक असतो. तो चांगला निघाला तर मूल तरते, आणि कंटाळलेला निघाला तर पाचवीपासून दहावीपर्यंत तोच. एखाद्या मुलीशी वर्गातल्या चौघींनी बोलणे टाकले, तर तिला बसायला दुसरा घोळका नसतो. दहावीनंतर हीच मुले तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात शंभरावर मुलांच्या वर्गात जातात, तेव्हा कित्येक महिने त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. खेळांत तर गणिताशीच गाठ असते. आमच्या वर्गात मुली 11 आणि मुलगे 8. खो-खोला मैदानात 9 लागतात, म्हणून मुलींचा संघ होतो आणि मुलग्यांचा होत नाही. मुलग्यांनी 7 जणांची कबड्डी खेळावी आणि आठव्याने आळीपाळीने दम खावा, अशी व्यवस्था आहे. मुलग्यांची त्याबद्दल तक्रार नाही.

मुलाला चित्रकलेची आवड असेल, तर ती वेळीच घालवावी. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवाचे अंशकालीन निदेशक सांगितले आहेत, पण पट 100 च्या वर असेल तर. त्याखालच्या मुलांना हात आणि डोळे नसतात, असे बहुधा गृहीत असावे. पुढे एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांचे वाढीव गुण दहावीत कोणाला मिळतात आणि कोणाला नाही, याचा उलगडाही त्यातच होतो.

मुलीचा वर्गात पहिला क्रमांक आला, तर पाहुण्यांना सांगू नये. ते ‘किती जणांत?’ असे विचारतात.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. आपले मूल शाळेत जाते, एवढ्यावर विसंबून राहू नये; ते मोजणीत बसते का, ते पाहावे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या वयात कळले. शिक्षकांची पदे ठरतात ती 30 सप्टेंबरच्या पटावर, आणि त्या पटात धरले जाते ते मूल, ज्याचे आधार पोर्टलवर वैध दिसते. आमच्या शाळेत एक मुलगा आहे. तो पहिल्या बाकावर बसतो, रोज हजेरीला ‘हजर’ म्हणतो, चाचणीचे पेपर लिहितो, कबड्डीत हमखास चढाई करतो. त्याच्या आधारावर वडिलांच्या नावात एक अक्षर वेगळे आहे आणि जन्मतारखेचा महिना चुकला आहे. एवढ्यावरून तो नाही. शाळेच्या रजिस्टरात आहे, बाकावर आहे, मैदानात आहे, पण पोर्टलवर नाही, म्हणून नाहीच. ती दुरुस्ती करायला त्याचे वडील मजुरी बुडवून केंद्रावर गेले, तर सर्व्हर बंद; पुन्हा गेले, तर जन्माचा दाखला हवा; दाखला मिळवला, तर त्यावर आडनाव नाही; आडनाव आले, तर ओटीपी ज्या मोबाइलवर जाणार, तो नंबर कधीच बंद पडलेला. अखेर दुरुस्ती झाली तेव्हा 30 सप्टेंबर उलटून गेला होता. शाळेला लागणारा आकडा बरोबर एकाने हुकला, आणि त्या एकापायी सगळ्या शाळेचा गणिताचा शिक्षक गेला. ‘पुढच्या वर्षी धरू,’ असे आम्हाला सांगण्यात आले. दहावीच्या मुलांना पुढच्या वर्षी धरणार म्हणजे नेमके कुठे धरणार?

2011 च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली होती, हे अनेकांना आठवत असेल. मुलांच्या बोटांना शाई लावून डोकी मोजली गेली, कारण तेव्हा अनेक ठिकाणी अस्तित्वातच नसलेली मुले पटावर नांदत होती आणि त्यांच्या नावाने अनुदान आणि पदे उचलली जात होती. ती तपासणी योग्यच होती, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण तेव्हा नसलेल्या मुलांना पगारी शिक्षक होते आणि आता असलेल्या मुलांना शिक्षक नाही, हा सुधारणेचा कोणता टप्पा म्हणायचा? त्या वेळी निदान कोणीतरी वर्गात येऊन पाहत होते. आता डोळ्यांसमोरचे पोर खरे की पडद्यावरचा लाल शेरा खरा, याचा निवाडा पडद्याच्या बाजूनेच होतो, आणि हे सगळे कार्यालयात समोर बसलेल्या माणसाला मान्य असते. तो मान डोलावतो, ‘तुमचे बरोबर आहे’ म्हणतो, आणि ‘पण सिस्टीम घेत नाही’ म्हणून मोकळा होतो.

त्याच ठिकाणी मला ‘पट वाढवा’ असा सल्लाही मिळाला. दहावीचा पट वाढवायचा तर गावाने पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच मनावर घ्यायला हवे होते, एवढेच मी नम्रपणे सांगू शकलो.

शिक्षक गेले तरी उरलेल्यांवर भार पडेल, अशी चिंता करू नये. उरलेले शाळेत क्वचितच असतात. कायद्याचे कलम 27 शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना लावू नका म्हणते. निवडणुकीचे काम बीएलओ, म्हणजे मतदारयादी सांभाळणारा केंद्रस्तरीय अधिकारी, झालेल्याला वर्षभर पुरते, आणि प्रभारी मुख्याध्यापक यू-डायसवर शाळेची माहिती भरणे, मुलांचे ‘अपार’ ओळखक्रमांक काढणे आणि तातडीच्या ऑनलाइन बैठका यांतून डोके वर काढीपर्यंत शाळा सुटते.

पट कमी असलेल्या शाळांवरचा उपायही तयार आहे. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि सहावी ते आठवीला 20 च्या आत मुले असली की शिक्षकाचे पदच मिळेना. त्याआधी 2023 मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले गेले होते. मोठी इमारत, प्रयोगशाळा, मैदान, विषयवार शिक्षक, वाईट काय आहे त्यात? काहीच नाही. फक्त ती शाळा इथे नाही. पहिली ते पाचवीला 1 किलोमीटर, सहावी ते आठवीला 3 किलोमीटर, असे अंतराचे निकष आहेत. नववी-दहावीच्या मुलांना मात्र कायदा विचारतच नाही, कारण त्याचा हक्क वयाच्या चौदाव्या वर्षी संपतो. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत आहे, आणि पास मोफत असल्याचा अभिमान बाळगत त्यांनी फाट्यावर उभे राहायचे असते. गाडी भरून आली की चालक थांबवत नाही. पावसाळ्यात ती फाट्यापर्यंत येतच नाही. दोन-तीनदा मुलगी अंधार पडल्यावर घरी पोहोचली, की घरात कोणीतरी हलक्या आवाजात ‘पुरे झाले शिक्षण’ म्हणते, आणि दिवाळीनंतर स्थळे बघायला सुरुवात होते. गळतीच्या तक्त्यात तिच्या नावापुढे ‘स्थलांतर’ असे लिहिले जाते.

हे कोणाला माहीत नाही, असे नाही. आधी पद उडवायचे. शिक्षक नाही म्हणून ज्यांना शक्य आहे ते पालक मुले काढतात. मुले गेली म्हणून पुढचे पद उडते. आणि शेवटी ‘पालकांचाच कल नाही’ असा शेरा मारून वर्गाला कुलूप लावायचे. शाळा लहान असणे हा गुन्हा नाही. डोंगरातले गाव लहानच असणार, आणि तिथल्या वर्गात मुले थोडीच असणार. थोड्या मुलांना शिकवणे महाग पडते, हे सरकारने सरळ मान्य करावे आणि तो खर्च करावा; करायचा नसेल तर तसे तोंडावर सांगावे, एका पोराच्या आधारातल्या चुकीमागे लपू नये. वर्गात येऊन हजेरी घ्यायला कोणी अडवलेले नाही. मार्चमध्ये गणिताचे 40-40 गुणांचे दोन पेपर आहेत आणि विज्ञानाचेही तसेच दोन. मुलांनी ते कोणाच्या जिवावर लिहायचे, हे त्या कार्यालयातल्या एकाने तरी लेखी द्यावे.

आणि आपणही काही कमी नाही. गावातले निम्मे लोक पोरांना पिवळ्या गाडीत बसवून तालुक्याला पाठवतात आणि 15 ऑगस्टला याच शाळेच्या ओट्यावर उभे राहून मराठी शाळा वाचवण्याची भाषणे ठोकतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या बायका असाव्या लागतात, आणि समितीला शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार आहे. आपल्याकडे काय होते? वही घरी येते, सही होते, वही परत जाते. आमच्या शाळेचे पद जाण्याची शक्यता इतिवृत्तात नोंदलेली होती, त्याखाली सदस्यांच्या सह्या होत्या, आणि त्यांपैकी एकानेही ते पान वाचलेले नव्हते. बैठकीला जायला वेळ नाही म्हणता, मग सदस्य कशाला होता? बायकांच्या नावाने नवरे सह्या करतात, हे काय आम्हाला दिसत नाही? पुढची वही दारात आली की परत पाठवा, शाळेत जाऊन बसा, आणि वाचल्याशिवाय एकाही पानावर सही करू नका.