हुशार पोरांना नाटकाला कशाला न्यायचं?

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. हुशार मुलांसाठी मराठीचे प्रकल्प आणि नाटकाच्या सहली म्हणजे वेळेची नासाडी. ती आपली आपण वाचतात, मार्क तेवढे घसरतात, खान्देशात नाटक आहेच कुठे, आणि पाहायचंच तर मोबाइल आहे. मी जळगावात मराठी शिकवते, म्हणून बोलते.

‘आपली आपण वाचतात.’ वाचतात की! धडा पाच मिनिटांत संपवतात आणि उरलेला तास खिडकीबाहेर बघत बसतात. अशाच एका मुलीने बहिणाबाईंच्या ‘वढाय’ मनाचा अर्थ गाइडातून उतरवला : चंचल. पूर्ण मार्क. म्हटलं, हाच शब्द आजीला विचारून ये. आजी असोद्याची, बहिणाबाईंच्या माहेरची. तिने सांगितलं, वढाय म्हणजे हाकललं तरी परक्याच्या वावरात शिरणारं ढोर. त्याच्या गळ्यात लोढणं अडकवतात. दुसऱ्या दिवशी पोरगी मलाच विचारते, “मॅडम, मग मनाला लोढणं कुठलं?” मला उत्तर सुचलं नाही. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, त्या म्हणत आणि घरातलं कुणी उतरवून घेई. ती कविता गाइडात शोधायची की आजीच्या तोंडून ऐकायची?

आणि हे काही नवं खूळ नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. रोज!

मार्कांचं म्हणाल, तर प्रकल्पामुळे घसरलेलं मूल मी अजून पाहिलेलं नाही.

‘खान्देशात नाटक कुठे?’ राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी जळगाव केंद्रावर होते. हौशी संघ जीव तोडून करतात, तिकीट किरकोळ, आणि पुढच्या खुर्च्या बऱ्याचदा रिकाम्या. धुळे-जळगावकडच्या खेड्यांत वहीगायन ही गाण्याची लोककला आहे, ती वेगळीच.

मोबाइलचं सांगते. नेण्याआधी आम्ही संहितेतला एक प्रवेश वर्गात वाचतो. ‘स्तब्धता’ असं कंसात लिहिलेलं असतं, तिथे किती वेळ थांबायचं यावर पोरं भांडतात. मग नाट्यगृहात तीच जागा येते, मागे कुणीतरी खोकतं, आणि नट तरीही थांबलेला असतो. मोबाइलवर ही जागा पुढे ढकलली जाते.

एक मान्य. दुकानातून तयार आणलेला थर्माकोलचा प्रकल्प आणि नाट्यगृहाच्या दारात फोटो काढून परतणारी सहल, ही नासाडीच. पहिल्या पाच नंबरांनाच बसमध्ये घालायचं, हेही मला पटत नाही. गेल्या वर्षी वहीगायनावरचं सगळ्यांत नेमकं टिपण ज्याने आणलं, त्याचा वर्गात नंबर एकतिसावा. त्याचे काका वही गातात.