घोडीला बूट, मामाला सुतळी

भाच्याच्या लग्नाचे फोटो ग्रुपवर पडल्यापासून माझा फोन थांबायला तयार नाही. त्यात मंगलाष्टकांचे फोटो आहेत, सप्तपदीचे आहेत, ताईनं डोळे पुसल्याचाही एक फार सुंदर आलाय. पण गावभर फॉरवर्ड झालाय तो एकच. त्यात मी, नवरदेवाचा सख्खा मामा, तुऱ्याचा फेटा आणि जरीचं उपरणं सावरत जमिनीवर गुडघे टेकून घोडीच्या मागच्या डाव्या पायाला सुतळी बांधतोय. घोडी कॅमेऱ्याकडे बघतेय. माझा चेहरा कुठे बघतोय ते सांगण्यात अर्थ नाही. खाली नागपूरच्या आत्यांनी लिहिलंय, ‘घरच्या माणसांनी किती राबावं!’ आणि पुढे हसून डोळ्यांत पाणी आलेली तीन तोंडं.

घडलं ते असं. भाच्याला घोडीवरून यायचं होतं. आमच्यात पूर्वी नवरदेव मारुतीच्या देवळात दर्शनाला जायचा आणि तिथून वाजतगाजत मांडवात यायचा. आता देऊळ उड्डाणपुलाच्या पलीकडे गेलंय, त्यामुळे वरात निघाली ती पार्किंगमधून. पार्किंग ते स्टेज, एवढाच मार्ग. गोरज मुहूर्त सहा बेचाळीसचा, आणि आम्ही चक्क सहा दहालाच लॉन्सच्या कमानीत. आमच्या घराण्यात हे प्रथमच घडत होतं. तेवढ्यात करड्या सफारीतल्या एका गृहस्थांनी आडवा हात केला.

“प्राणी कोणाचा?”

ब्यांड थांबला. क्लॅरिनेटवाल्याला मात्र सूर एकदम सोडवेना, तो जरा उशिरा थांबला.

“मुलाकडचा,” मी म्हणालो.

“हिरवळीवर नाही जाणार.”

“अहो, वर नवरदेव बसलाय.”

“नवरदेव जाऊ शकतात. त्यांचं बुकिंग आहे.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. हे गृहस्थ सरकारी फॉर्म वाचून दाखवावा तसे बोलत होते. पावतीच्या मागे मुंगीच्या अक्षरात अटी छापल्या होत्या, त्या त्यांना तोंडपाठ होत्या. “अट अकरा. हिरवळीवर खूर, चाक, खिळा आणि फटाका यांस मनाई. डिपॉझिटमधून कपात.” पावतीवर दाजींची सही होती. दाजी त्या वेळी व्याह्यांच्या गळ्यात गळा घालून फोटो काढत होते. मला लांबूनच ‘तू बघ रे’ अशी खूण झाली. मी पुण्यात राहतो, त्यामुळे पुण्यातल्या प्रत्येक माणसाशी मला बोलता येतं अशी त्यांची समजूत आहे.

“गालिच्यावरून नेतो ना,” मी म्हणालो.

“गालिचा मंडपवाल्याचा. त्याच्या अटी वेगळ्या.”

“पण गालिच्याच्या खाली हिरवळ दबतेच की!”

“गालिचानं दबलेली हिरवळ दोन दिवसांत उठते. खुरानं दबलेली उठत नाही, तिला खड्डा पडतो. सिलेक्शन नंबर वन जातीचं गवत आहे, साहेब.” हे त्यांनी अशा सुरात सांगितलं, की मी नकळत फेटा सारखा केला.

मी वाकून पाहिलं. मला तर ती हरळी दिसली. आमचे आजोबा आयुष्यभर वावरात हरळी खणत राहिले. ती तुडवून मरत नाही, कापून मरत नाही, उन्हात वाळत टाकली आणि एक कांडी चुकून मातीला लागली की पावसात पुन्हा हजर. गणपतीला वाहतो त्या दूर्वा तिच्याच. ती घोडीच्या पायानं मरणार असती, तर आजोबांनी घोडी पाळली असती.

एवढ्यात घोडेवाल्यानं निराळाच मुद्दा काढला. “हिरवळीचं तुम्ही बघा, मामा. मी या फरशीवरनंच न्यायचा नाही.” कमानीखाली आरशासारखी लादी होती आणि तिच्यावर पाहुण्यांच्या स्वागताचं गुलाबपाणी सांडलेलं. घोडीच्या पायाला लोखंडी नाल, वर पंच्याऐंशी किलोचा इंजिनीअर. घोडेवाल्याचं म्हणणं बरोबरच होतं. त्याचा मेहुणा माथेरानला घोडा चालवतो. तिथे मोटारगाड्यांना बंदी, पूर्वी माणसं आणि सामान घोड्यावर नाहीतर हातरिक्षानं जायचं. अशा गावात तांबड्या मातीच्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक घातले आणि घोडे घसरायला लागले म्हणून घोडेवाले ओरडले. भांडण थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. “मातीत खूर रुततो म्हणून घोडा उभा राहतो,” तो मला समजावत होता. “गुळगुळीत जागी नाल म्हणजे चाक.”

म्हणजे रुतणाऱ्या जागी सफारीवाले जाऊ देईनात, न रुतणाऱ्या जागी घोडेवाला जाईना. घोडी दोन्ही पक्षांचं ऐकून घेत होती. भाचा वरून म्हणाला, “मामा, मुंडावळ्या डोळ्यात जातायत.”

“उपाय आहे,” सफारीवाले म्हणाले. “आपल्याकडे बूट आहेत.”

“कोणाचे?”

“घोड्याचे. पायाला चारशे.”

मला वाटलं चेष्टा करतायत. पण त्यांनी हाक मारली आणि एक पोरगा जनरेटरच्या मागून पिशवी घेऊन आला. तिच्यातून गोणपाटाचे जाड थैले निघाले. तळाला ट्रकच्या ट्यूबचं रबर शिवलेलं, तोंडाला नाडी. काम सुबक होतं, नाव ठेवायला जागा नव्हती. पण थैले तीनच होते.

“चौथा?”

“चौथा मागच्या पार्टीचा घोडा घेऊन गेला.”

“मग आता?”

सफारीवाल्यांनी घोडीकडे नीट पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी तिच्या पायांची संख्या मोजतंय असं मला वाटलं. “चालताना एक पाय वरच असतो ना?” ते म्हणाले.

घोडेवाला हसला. मी हसलो नाही, कारण घड्याळात सहा चोवीस झाले होते आणि कमानीच्या आतून भटजींचा माईक ‘मुलाकडची मंडळी’ अशी हाक घालायला लागला होता.

“तिघांचेच पैसे लावतो,” सफारीवाले उदारपणे म्हणाले. “बाराशे. अधिक जीएसटी.”

चौथा बूट अखेर ओटीच्या नारळांच्या पोत्यातून झाला. नारळ वधूच्या मावशीच्या पदरात ओतले, पोतं दुमडलं, सुतळी मंडपवाल्याकडून मागून घेतली. बांधणार कोण? घोडेवाल्याला लगाम सोडता येईना. ब्यांडवाल्यांचे हात वाद्यांत. भाचेमंडळींनी शेरवान्या भाड्यानं आणलेल्या, डाग पडला तर त्यांचंही डिपॉझिट. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. भटजी मुलाच्या मामाला बोलावतील म्हणून मी सकाळपासून तयार होतो, पण या कामासाठी नाही.

“मागं उभं राहू नका,” घोडेवाला सांगत होता. “बाजूनं या, तिच्या अंगाला अंग लावून. मांडीवरनं हात खाली न्या, तिला कळू द्या कोण आलंय ते. आता नडगीला धरा, आपसूक उचलेल.” आणि खरंच उचलला तिनं. अख्खा पाय माझ्या मांडीवर. त्याचं वजन मी विसरणार नाही. खुराला तेल चोळून चमकवलेला, कडेला नालबंदानं ठोकलेल्या खिळ्यांची टोकं वळवून घासून टाकलेली. आपल्या नखाचाच पदार्थ, पण तळहाताएवढा ऐवज. मध्ये मऊ भाग असतो, त्यात पार्किंगमधला एक खडा अडकला होता. तो मी बोटानं काढला. घोडीनं एक लांब सुस्कारा सोडला. त्या संध्याकाळी माझे आभार मानणारी ती एकटीच.

फोटो त्या क्षणीचा आहे. “काका, वर बघा, नॅचरल!” असं फोटोग्राफर ओरडला होता.

घरी आल्यावर झोप येईना, म्हणून मी इंटरनेटवर शोधत बसलो, की हा घोड्याच्या बुटांचा चावटपणा काढला कोणी. तर तो साहेबाचा निघाला. 1830 साली एडविन बडिंग नावाच्या इंग्रज कारागिरानं गवत कापायचं यंत्र काढलं. कापडगिरणीत लोकरीवरचे तंतू भादरणारं यंत्र असतं, त्यावरून त्याला ते सुचलं. पुढे 1842 मध्ये स्कॉटलंडमधल्या अर्ब्रोथच्या शँक्सनं तट्टानं ओढायचं मोठं यंत्र बनवलं. अशी यंत्रं बंगल्याबंगल्यांतून फिरू लागली आणि मग साहेबाच्या ध्यानात आलं, की पुढे घोडा खड्डे पाडत जातो आणि मागून यंत्र ते खड्डे व्यवस्थित कापत येतं. म्हणून घोड्याला चामड्याचे, सपाट तळाचे, पट्ट्यांनी आवळायचे बूट. विसाव्या शतकात पेट्रोलची यंत्रं आली, तेव्हा घोडा सुटला आणि बूट संग्रहालयात गेले. त्याच्याही आधी रोमन लोक घोड्याच्या खुराखाली लोखंडी वहाण बांधत आणि जपानात घोड्याला भाताच्या पेंढ्याच्या चपला घालत. एवढ्या सगळ्या संस्कृती धुंडाळल्या, पण हे जोडे नवरदेवाच्या मामानं बांधायचे अशी रीत कुठेही सापडली नाही. शिवाय साहेबाचा घोडा हिरवळीवर दिवसभर राबायचा. आमच्या घोडीला ती फक्त पार करायची होती, तीही अडीच मिनिटांत, वर ब्यांडच्या तालावर.

आणि आता जरा स्पष्टच बोलतो. चारशे किलोची घोडी असेल, तर तिच्या एकेका खुराचं क्षेत्रफळ धरा शंभर चौरस सेंटिमीटर. चारी पायांवर उभी राहिली की चौरस सेंटिमीटरला किलोभर भार. चालताना दुप्पट धरा, वाटलं तर तिप्पट धरा, माझं काही म्हणणं नाही. उलट साठ किलोची करवली उंच टाचांवर उभी राहिली आणि निम्मा भार नखाएवढ्या टोकावर आला, तर तिथे तीस किलो. त्या संध्याकाळी अशा कितीतरी करवल्या त्या सिलेक्शन नंबर वनला भोकं पाडत फिरत होत्या. एकीचा सँडल तर हिरवळीतच उभा राहिला आणि ती पुढे गेली. तिला कोणी अट अकरा वाचून दाखवली नाही. केटररच्या ट्रॉल्या, आगीचे फवारे सोडणारी यंत्रं, वधूला आणणारी ती धुराची मोटार, हे सगळं थेट गवतावरून गेलं. मोटारीला चाकं असतात, असं मी सफारीवाल्यांना म्हणालो. ते म्हणाले, “ती पॅकेजमध्ये आहे.”

चिडण्याचं कारण खरं हे आहे. लग्न माणसांचं, पण जागा भाड्यानं घेतली की तिथे सगळ्यात मोठा पाहुणा गवत. बाहेरचा केटरर आणलात तर दंड, रात्री दहानंतर थांबलात तर दंड. आमच्या ऐंशी वर्षांच्या काकू पार्किंगपासून चालत आल्या, कारण चाकाची खुर्चीही ‘चाक’ या सदरात मोडते. जेवण झाल्यावर हात धुवायच्या नळाला पाणी नव्हतं. “टँकर यायचाय,” असं उत्तर मिळालं. आणि मागे, पन्नास पावलांवर, हिरवळीवरचे फवारे चट चट चट करत गोल फिरत होते. ते पाणी बोअरचं, असं मला नंतर समजावण्यात आलं. असेल. माझ्या हाताला मसालेभाताचा वास दुसऱ्या दिवसापर्यंत होता.

दाजींना हिशेब आला तो ताईनं मला पाठवला, बहुधा मी जबाबदार म्हणून. ‘अश्वपादत्राण भाडे, 3 नग.’ खाली अठरा टक्के. त्याखाली ‘हिरवळ दुरुस्ती, खुराचे ठसे, 1 पाय.’ म्हणजे आमच्या नारळाच्या पोत्याचा पाय. तो अप्रमाणित होता म्हणे. रक्कम साडेतीन हजार. एका पायाच्या या साडेतीन हजारांत आमच्याकडे अख्खी घोडी झूल, तुरा आणि घोडेवाल्यासकट मिळाली होती, उलट त्यानं वर नवरदेवाला हातातली तलवारही फुकट दिली.

मी फोन केला. सफारीवाल्यांनी ऐकून घेतलं, पूर्ण ऐकून घेतलं, हा त्यांचा सगळ्यात त्रासदायक गुण. मग म्हणाले, “रोख परत देण्याची पद्धत नाही. पुढच्या कार्याला वळते करून घेऊ. धाकट्या भाच्यासाठी मुली बघताय ना?”

हे यांना कोणी सांगितलं ते मला माहीत नाही. मला दाजींचा संशय आहे.

“घोडी असेल तर आधी कळवा,” ते पुढे म्हणाले. “चौथा शिवायला टाकलाय. तुमच्या मापाचं काही हवं असेल तर तेही सांगा, गुडघ्याला बांधायला.”