"आधी ब्लड टेस्ट का नाही केली?" या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार, रिव्ह्यू वाचला. आईंची दाढ काढली, रात्री उशीवर रक्त दिसलं, तुम्ही क्लिनिकला फोनवर फोन केले आणि कोणी उचलला नाही. फोनचं शंभर टक्के आमचं चुकलं, सॉरी. कागदावर छापलेला इमर्जन्सी नंबर त्या रात्री बंद होता. आता दाढ काढली की मी माझा स्वतःचा नंबर देतो.

पण "एक साधी टेस्ट केली असती तर आधीच कळलं असतं" असं लिहिलंय ना, त्यावर बोलायलाच हवं, कारण बाकीचे पेशंट पण हे वाचून तेच धरून बसतील. बीटी-सीटी (बोट टोचून रक्त किती वेळात थांबतं आणि गोठतं ते बघायची टेस्ट) करून घ्या म्हणतात सगळे, पण टोचलेल्या बोटाचं रक्त पटकन थांबलं म्हणून दाढेच्या खड्ड्यातलं थांबेलच असं काही नसतं. वॉरफरिन (रक्त पातळ करायची एक गोळी) चालू असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी ब्लड टेस्ट, आम्ही करायलाच लावतो, शक्यतो 24 तासांतला, आणि तो 4 च्या खाली असला तर सहसा गोळी बंद न करता दाढ काढता येते. पण ऍस्पिरिन रक्त पातळ करते ती वेगळ्या पद्धतीने, म्हणून ऍस्पिरिनवाल्यांचा आयएनआर नॉर्मलच येणार, मग काय कळणार त्यातून?

जास्त कळतं ते विचारून. आधी दात काढला तेव्हा किती वेळ रक्त आलं, नाकातून येतं का, पाळीत खूप जायचं का, घरात कोणाला असा त्रास आहे का. आणि इथे आम्हीच कमी पडलो. फॉर्मवर एकच ओळ होती, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का", लोक बिनधास्त "नाही" लिहितात कारण त्यांच्यासाठी ती "हार्टची गोळी" असते. तुमच्या आईंच्या औषधांबद्दल इथे चारचौघात काही लिहिणार नाही, पण फॉर्म बदललाय, आता गोळ्यांची पाकिटंच आणायला सांगतो. (हे वाचून कोणी ऍस्पिरिन आपल्या मनाने बंद करू नका प्लीज, दाढेचं रक्त दाबून थांबवता येतं, हार्टमध्ये गुठळी अडकली तर ते नाही जमत.)

निघताना कोरडं होतं मग घरी कसं सुरू झालं, तर बधिर करायच्या इंजेक्शनमध्ये बहुतेक वेळा ऍड्रिनलिन असतं, ते रक्तवाहिन्या आवळून धरतं आणि काही तासांनी उतरलं की परत पाझरायला लागतं, त्यात कोणी चूळ भरली की गुठळीच निघून येते. लाळेत मिसळून थोडं रक्त पण खूप दिसतं, अर्थात तुम्ही उगाच घाबरलात असं मी म्हणत नाहीये. गॉज (जखमेवर ठेवायची जाळीदार कापडाची घडी) 20-30 मिनिटं सलग घट्ट चावून धरायचा, मध्ये उघडून बघायचं नाही, तरी थांबलं नाही तर लगेच यायचं, आम्ही टाका घालतो. हे सांगितलं होतं, पण ओठ बधिर, तोंडात गॉज, त्या वेळी कोणाच्या लक्षात राहतंय, म्हणून आता सोबत आलेल्यांना लिहून देतो.

स्टार राहू दे तसाच. आईंना घेऊन एकदा या, पाकिटं आणा, जखम मी स्वतः बघतो.