‘छोटे फादर’ म्हणजे मोठ्या फादरांचे हरकाम्या नव्हेत

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाविकांचा समुदाय. त्याच्या मुख्य धर्मगुरूंना आणि त्यांच्या सहायक धर्मगुरूंना बेळगाव-खानापूर भागात आपण ‘मोठे फादर’ आणि ‘छोटे फादर’ असं म्हणून मोकळे होतो. गोव्याकडून आलेल्या घरांत त्यांच्यासाठी अजून अनुक्रमे विगार आणि कूर हे शब्द ऐकू येतात. नाव काहीही द्या, डोक्यात बसलेलं एकच असतं: छोटे फादर म्हणजे शिकाऊ उमेदवार. तिथंच गफलत होते.

कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेत कलम ५४५ ते ५५२ या सहायकांसाठीच आहेत. सहायक हा पूर्ण दीक्षा झालेला धर्मगुरूच असावा लागतो. त्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, उणी नाही, त्याच्याकडे केलेलं पापनिवेदन कमी वजनाचं नाही. शिकाऊ म्हणायचंच तर धर्मगुरू होण्याआधीच्या डीकनला म्हणा. तो बाप्तिस्मा देतो, अंत्यविधी करतो. पण मिस्सा, पापनिवेदन आणि आजाऱ्याचा तैलाभ्यंग (पवित्र तेल लावण्याचा विधी) त्याला करता येत नाही.

सहायकाची नेमणूक धर्मप्रांताचे प्रमुख, म्हणजे बिशप, करतात, मोठे फादर नव्हे. काम मात्र मोठ्या फादरांच्या हाताखाली, त्यांना वेळोवेळी सांगून. पॅरिशच्या सगळ्या कामात हातभार लावायचा, एक सोडून: दर रविवारी पॅरिशच्या लोकांसाठी मिस्सा अर्पण करण्याचं बंधन एकट्या मोठ्या फादरांवर असतं. ते बाहेर गेले आणि बिशपांनी वेगळी सोय केली नसेल, तर तात्पुरता कारभार आपोआप सहायकाकडे येतो.

खरा घोळ होतो तो लग्नात. पॅरिशच्या हद्दीत लग्न लावण्याचा अधिकार बिशप आणि मोठे फादर यांना पदामुळेच असतो, सहायकाला नसतो. त्याला तो द्यावा लागतो. सरसकट सगळ्या लग्नांसाठी द्यायचा असेल तर लेखीच. तोंडी ‘लावा की हो’ चालत नाही. एखाद्याच लग्नापुरता द्यायचा तर ते लग्न आणि तो धर्मगुरू ठरलेला हवा. मुंबईहून नवरीचे मामा-फादर येतात, मांडव सजतो, आणि हा कागद कुणालाच आठवत नाही. अधिकाराविना लावलेलं लग्न चर्चच्या दृष्टीनं रद्दबातल ठरू शकतं, मग पुन्हा रीतसर करण्याची धावपळ. सरसकट अधिकार असलेला सहायक एकेका लग्नापुरता तो मामा-फादरांना पुढे देऊ शकतो, हे फार जणांना माहीत नसतं. लग्न झालं की रजिस्टरात नोंद त्याच आठवड्यात करा. ‘नंतर लिहू’ म्हटलेली नोंद बहुधा बदलीच्या वेळीच आठवते.

सहायक लागतो कशाला, याचा हिशेब आपल्याकडे सोपा आहे. १९५३ साली बेळगावचा धर्मप्रांत झाला, तेव्हापासून आपण भाषांच्या सरमिसळीतच आहोत. कोकणी, मराठी, कन्नड, इंग्रजी, शिवाय लांबच्या गावातलं चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनामंदिर. एका धर्मगुरूनं दिवसाला एकच मिस्सा करायची हा नेम. धर्मगुरू कमी असतील तर परवानगीनं दोन, रविवारी आणि सणाला तीन. चार भाषा आणि एक चॅपेल, सांगा कसं बसवणार? म्हणून नेमणूक करताना भाषा आधी पाहावी असं माझं ठाम मत आहे. कन्नड येणाऱ्या पण मराठीत अडखळणाऱ्या फादरांना खानापूरच्या मराठी घरांत धाडायचं, आणि भाषा जरा जिभेवर बसते तोवर बदली. सहायकाला हलवायला बिशपांना न्याय्य कारण पुरतं, मोठ्या फादरांसारखी लांबलचक प्रक्रिया नसते. त्यामुळे बदल्या त्यांच्याच वाट्याला जास्त येतात.

पहिल्याच आठवड्यात दोघांनी बसून कागदावर वाटणी करावी: शाळा कुणाकडे, तरुण मंडळ कुणाकडे, आजाऱ्यांच्या घरी कोण, किल्ल्या कुणाजवळ. ती झाली नाही की सहायक जनरेटरचं डिझेल आणि मंडपवाल्याचा हिशेब बघत बसतो, आणि आजारी माणूस वाट पाहतो. मरणासन्नाला पापमुक्ती कुठलाही धर्मगुरू देऊ शकतो, तिथं कसलाच कागद लागत नाही. तेव्हा ‘मोठे फादर येऊ देत’ म्हणून थांबू नका, विशेषतः पावसाळ्यात, कणकुंबीकडचे रस्ते माहीत आहेतच. दोघांचेही फोन नंबर चर्चच्या दारावर लावा, फक्त ऑफिसचा नको.