दुडुदुडु, पहिला उकार

नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला फ्लेक्स काढायचा माझा अजिबात बेत नव्हता. पण सांगलीत कोपऱ्यावर फ्लेक्स लागल्याशिवाय माणूस एक वर्षाचा होत नाही, असं सूनबाईंच्या माहेरचं मत पडलं. त्यांचं मेडिकलचं दुकान, खाली सौजन्य त्यांचं. मजकूर तेवढा आजीनं द्यायचा. मी विश्रामबागेतल्या एका डीटीपीवाल्याकडे जाऊन कागद पुढं केला : 'आमचे बाळराजे आता दुडूदुडू धावू लागले! आहेर नको, झबलं-टोपडं चालेल.'

संगणकावरच्या पोरानं विचारलं, "काकू, डु पहिला का दुसरा?"

मी "दुसरा" म्हणायच्या आत मागून आवाज आला, "पहिला!"

मागच्या बाकावर एक निवृत्त गुरुजी होते. हयातीच्या दाखल्यासाठी आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेले. ते हयात आहेत याबद्दल पुढच्या अर्ध्या तासात दुकानात कुणाला शंका उरली नाही. खिशाला दोन पेनं, त्यातलं एक लाल. शाळा सुटली, लाल पेन सुटलं नाही.

"हळूहळूला दुसरा चालतो, मग दुडूदुडूला का नाही?" मी म्हटलं.

"हळूहळू हा नुसता पुनरुक्त शब्द. दुडुदुडु नादानुकारी, आवाजाची नक्कल करणारा. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम वाचा. १९६२ साली १४, १९७२ साली आणखी ४, एकूण १८. उदाहरणं तिथंच दिलीत : लुटुलुटु, दुडुदुडु, रुणुझुणु. नादानुकारी असेल तर उच्चाराप्रमाणे ऱ्हस्व."

"म्हणजे आवाज येतो तसं लिहायचं?"

"बरोब्बर."

"मग दुडु असा आवाज कुणी ऐकलाय? आमचं पोरगं बूट घालून धावतं, त्यातून पींपीं येतं."

गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. "पींपीं नादानुकारी आहे, मान्य. पण अनुस्वार कशाला?"

"वाजतोय म्हणून."

"बाई, वाजेल ते सगळं लिहायचं नसतं."

आत्ताच तर उच्चाराप्रमाणे म्हणाले होते! मी तसं बोलून दाखवणार, एवढ्यात लग्नपत्रिकेचं प्रूफ बघत बसलेले एक पाहुणे मध्ये पडले. "आमच्यात दुडुदुडु म्हणत न्हाईत. तुरुतुरु म्हणत्यात."

"तेही ऱ्हस्वच," गुरुजी.

"ऱ्हस्व असू दे की. पण आमच्यात तुरुतुरुच." पाहुण्यांच्या तोंडात तंबाखू होती, त्यामुळे त्यांचे सगळेच उकार दीर्घ येत होते.

मग गुरुजी बाकावरून उठून थेट पडद्यापाशी आले आणि काचेवर बोट ठेवून म्हणाले, "हे झबलं काय? झबले पाहिजे. टोपडे पाहिजे. लं बोलण्यात, ले लिहिण्यात. आणि असले बोबडे शब्द चौकात टांगायचे? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली, माहीत आहे ना? शिक्षण काय तुमचं?"

"बी. ए."

"विषय?"

"अर्थशास्त्र."

"तरीच."

हे 'तरीच' मला अजून गिळता आलेलं नाही. दोन मुलं आणि एक नातू वाढवलेल्या बाईला झबल्याचं शुद्धलेखन शिकवणाऱ्या या गृहस्थांनी जन्मात एक दुपटं तरी पिळलंय का, हे विचारायचं राहूनच गेलं. आणि गंमत बघा, त्याच फ्लेक्सवर खाली 'येथे हगीज मिळतील' अशी व्याह्यांची ओळ होती. तिच्यावर लाल पेन उठलं नाही. का? तर तो शब्द पाकिटावर छापून येतो. कंपनीनं छापला की शब्द शुद्ध. आजी म्हणते तो बोबडा.

कोशांचंही तेच. मोल्सवर्थ नावाच्या फौजेतल्या इंग्रजानं पंडित हाताशी धरून १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला. पुढं दाते-कर्व्यांनी १९३२ ते ३८ मध्ये सात खंड केले. मोठी कामं, नाही कोण म्हणतं! पण शी, शू, मम्मं, जोजो, बाऊ यांची खरी खाण ज्या बायकांच्या तोंडात होती, त्यांना लिहायला कुणी बसवलं होतं? तिकडं ऑक्सफर्डच्या कोशाचे संपादक जेम्स मरे यांना ११ मुलं. लोकांनी पाठवलेल्या शब्दांच्या चिठ्ठ्या अक्षरवार लावायला ते त्याच पोरांना बसवायचे आणि खाऊला पैसे द्यायचे. अकरा पोरांच्या घरात दिवसाकाठी किती बोबडे बोल सांडत असतील! पण चिठ्ठीवर लागायचं तो शब्द आलेलं छापील वाक्य. पाळण्यापाशी म्हटलेल्या शब्दाची चिठ्ठी होत नाही. कुणीतरी तो पुस्तकात घालेपर्यंत शब्दानं ताटकळत बसायचं, आणि तोवर त्याची वेलांटी ठरवायला गुरुजी टपलेले.

त्यातल्या त्यात शी-शूचं नशीब बरं. एकाक्षरी शब्द दीर्घ, मी आणि तू यांच्याच रांगेत. गुरुजींनीच जाता जाता सांगितलं, मी विचारलंही नव्हतं.

शेवटी तो पोरगा वैतागला. "काकू, लाइट जाईल आता. काय ते फायनल सांगा." मी म्हटलं, घाल बाबा, पहिला उकार घाल. झबले कर, टोपडे कर. गुरुजींनी एकेक अक्षर वाचून मान डोलावली, लाल पेनानं माझ्या कागदावर 'बरोबर'ची खूण केली आणि झेरॉक्स घेऊन गेले.

रविवारी फ्लेक्स लागला. दुडुदुडु अगदी महामंडळाच्या नियमाप्रमाणे. वर बाळाच्या डोक्याएवढ्या लाल अक्षरांत : 'प्रथम वाढदीवस'.

डीटीपीवाला म्हणतो, प्रूफ तुमच्यासमोरच वाचलं होतं की. पैसे आगाऊ दिलेत.