तार कुठं येते आणि आपण कुठं बसतो : सेलूच्या गुरुजींना उत्तर

नमस्कार गुरुजी,

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. बाकीच्या वाचकांसाठी तिचा गाभा आधी सांगतो. माझा 'मोडेम वेगळा, राउटर वेगळा' (तारेतलं नेट घरात उतरवतो तो मोडेम, ते घरभर वाटतो तो राउटर) हा लेख वाचून तुम्ही नवा राउटर आणला, नेट कंपनीचा डबा ब्रिज मोडवर टाकायला, म्हणजे त्यातलं राउटरचं काम बंद करायला गेलात आणि तीन दिवस घरातलं नेट बंद पडलं. त्याच डब्याला जोडलेला लँडलाइन फोनही मुका झाला. लाइनमन म्हणाला, "सेटिंगला हात तुम्ही लावलाय, आता आमची जबाबदारी नाही." तुमचं म्हणणं असं, की एका डब्यात सगळं असताना दुसऱ्याचा खर्च कशाला, लाइट गेली की दोन-दोन डबे कशावर चालवायचे, आणि फायबरला मोडेम नसतोच तर तो शब्द का वापरता. शेवटी लिहिलंत, "हे पुण्या-मुंबईच्या फ्लॅटवाल्यांसाठी आहे, आमच्या घरांचं तुम्हाला काय कळतं."

पहिल्यांदा माझी चूक कबूल करतो. लेखात एक वाक्य होतं : "सुरुवात करण्याआधी कंपनीचा डबा रिसेट करून घ्या." ते मी लिहायलाच नको होतं. मागच्या बारीक भोकात पिन घालून दहा-पंधरा सेकंद दाबलं की डब्यातल्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात. नेटचं युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅनचा (कंपनीच्या जाळ्यातल्या आपल्या वाटेचा) आकडा हे तर जातंच, फोनची नोंदही जाते. तुमचा लँडलाइन आता तांब्याच्या जुन्या जोडीवर चालत नाही. आवाजाचे आकडे करून तो याच डब्यातून, याच काचेच्या तारेनं जातो, आणि त्यासाठी तुमच्या नंबराचं खातं डब्यात वेगळं भरलेलं असतं. ते पुसलं गेलं. तुमचे तीन दिवस त्या एका वाक्यापायी गेले. घरात म्हातारं माणूस असताना फोन बंद असणं म्हणजे काय, हे मी जाणतो. मनापासून माफी मागतो. ते वाक्य लेखातून काढलंय आणि तिथं लिहिलंय की डब्याच्या कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, रिसेट करू नका.

शब्दाबद्दलही तुमचं बरोबर आहे. मोडेम हे नाव टेलिफोनच्या तारेवर नेट यायचं त्या काळातलं. आकड्यांचे संकेत तारेवर चढवायचे आणि उतरवायचे हे त्याचं काम. फायबरच्या टोकाला असतो तो ओएनटी. तो प्रकाशाचे संकेत विजेच्या संकेतांत बदलतो. एकाच काचेच्या तंतूतून घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा आणि घराकडून जाणारा १३१० नॅनोमीटरचा असतो, म्हणून येणं-जाणं एकमेकांत मिसळत नाही. पण लाइनमनच्या तोंडी, दुकानात आणि माझ्या आईच्या तोंडी तो मोडेमच आहे. मी तोच शब्द ठेवणार, ओएनटी हे नाव एकदा सांगून. एक मात्र ध्यानात असू द्या : हा डबा बाजारातून आणून परस्पर बदलता येत नाही. त्याचा सिरियल नंबर कंपनीच्या यंत्रावर नोंदलेला असतो. नोंद नसलेला डबा तारेला लावला तर लाइन चालू होत नाही.

पण आमच्या घरांचं तुम्हाला काय कळतं, याला मी हरकत घेतो. कारण तो लेख मी आमच्या घरामुळेच लिहिला.

आमचं घर औसा तालुक्यातलं. पुढं ढेळज (दारातली बसायची जागा), मग सोपा, माजघर, बाजूला न्हाणी, मागं परस. भिंती दगड-मातीच्या, दोन हात रुंद. माजघराच्या भिंतीत धान्याचं बळद अजून आहे. वर माळवद. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या भागात अशा भिंती कमी झाल्या, पण आमचं घर तगलं. मागच्या अंगाला नंतर पत्र्याच्या दोन खोल्या काढल्या. माझी भाची नीटची तयारी करते, ती तिथंच बसते, कारण तिथं शांतता आहे. फायबरवाला आला तेव्हा त्यानं खांबावरून तार ओढली, ढेळजेत लाइटच्या मीटरशेजारी भोक पाडलं, डबा ठोकला आणि गेला. त्याच्या शिडीला ती जागा सोयीची होती. त्याचं काही चुकलं नाही. तार घरात आणून देणं एवढंच त्याचं काम.

मी मोबाइल हातात घेऊन चालत गेलो. ढेळजेत ९० एमबीपीएस, सोप्यात ४०, माजघरात ६. पत्र्याच्या खोलीत काहीच नाही. भाची म्हणाली, "मामा, इथं नेट येईनाच झालंय, मी टेस्ट द्यायला ढेळजेत बसू का?" ढेळजेत दिवसभर माणसांची ये-जा, तिथं तीन तासांची टेस्ट कशी द्यायची?

वायफाय म्हणजे रेडिओच्या लहरी. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण जाड भिंतीपुढं ती लवकर थकते. २.४ गिगाहर्ट्झची थोडी जास्त आत शिरते, तिचा वेग कमी. दगड-मातीची दोन हात रुंद भिंत दोघींनाही जड जाते, आणि पावसाळ्यात ती भिंत ओल धरते तेव्हा आणखी जड. पत्रा तर लहर आरपार जाऊच देत नाही, परतवून लावतो. आता फ्लॅटचा विचार करा. तिथं चार-सहा इंची विटांच्या भिंती, मधोमध हॉल, हॉलमध्ये डबा. तिथं एका डब्यात बहुतेक वेळा भागतं. दोन डब्यांची गरज फ्लॅटपेक्षा आपल्या घरांना जास्त आहे, गुरुजी. तुमच्या सेलूच्या जुन्या घरालाही ती असणार. तुम्हीच लिहिलंय की आतल्या खोलीत नातवाला मोबाइलचा डेटा वापरावा लागतो.

मग ओएनटीच उचलून आत का न्यायचा नाही? काचेचा तंतू लाइटच्या वायरीसारखा पिळून टेप गुंडाळून जोडता येत नाही. त्याला जोडायला स्प्लाइसिंगचं मशीन लागतं, तंतू टोकाला टोक वितळवून बसवतात. आणि आत नेताना प्रत्येक कोपऱ्यावर तो वाकतो. जास्त वाकला की प्रकाश गळतो आणि पॉनचा, म्हणजे कंपनीशी जोडणी दाखवणारा दिवा लुकलुकायला लागतो. लॉसचा लाल दिवा लागला तर प्रकाश पोचेनासाच झालेला असतो. शिवाय माळवदात उंदीर असतात. म्हणून काचेची तार जिथं आली तिथंच राहू द्यायची आणि पुढं तांब्याची लॅन केबल ओढायची. ती १०० मीटरपर्यंत चालते, तुटली तर गावातला कुणीही पोरगा नवी टोकं बसवून देतो. आमच्याकडं ढेळजेतून पत्र्याच्या खोलीपर्यंत २६ मीटर लागली. खोलीत राउटर बसवला. त्या दिवसापासून भाचीची टेस्ट मधेच तुटलेली नाही.

माझं सगळं म्हणणं एवढंच होतं, आणि लेखात ते ब्रिज मोडच्या गर्दीत बुडालं. डबे वेगळे करायचे ते जागेसाठी. तार कुठं येईल हे कंपनी ठरवते, आपण कुठं बसतो हे घर ठरवतं.

तेव्हा तुम्हाला ब्रिज मोडची गरजच नव्हती. नवा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका. बहुतेक राउटरमध्ये हा पर्याय असतो. तो निवडला की राउटर घरातल्या मोबाइल-संगणकांना नेटचे पत्ते वाटण्याचं काम सोडून देतो, फक्त वायफाय पसरवतो. पत्ते वाटणं, कंपनीशी लॉगिन, फोन, हे सगळं ओएनटीच पाहतो. कंपनीच्या डब्यातलं एकही अक्षर बदलावं लागत नाही. पर्याय नसेल तर नव्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ करा (ओएनटीचा १९२.१६८.१.१ असेल तर), त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटणं) बंद करा आणि केबल त्याच्या वॅन (बाहेरच्या नेटच्या) पोर्टमध्ये न घालता लॅनच्या (घरातल्या यंत्रांच्या) कुठल्याही पोर्टमध्ये घाला. दोन्हींच्या वायफायला एकच नाव, एकच पासवर्ड दिला तर घरात फिरताना मोबाइल स्वतःच जवळचा पकडतो. २.४ वर मात्र एकाला चॅनल १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११ द्या, म्हणजे दोघं एकमेकांच्या आवाजात बोलणार नाहीत.

ब्रिज मोड कुणाला हवा? ज्याला ओएनटीमागं आपला डबा पत्ते वाटण्यासकट पूर्ण राउटर म्हणून चालवायचाय, मुलांच्या वेळा लावायच्यात, बाहेरून घरातल्या यंत्रावर यायचंय, त्याला. नाहीतर दोन राउटर एकामागं एक लागतात आणि पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते. त्यानं क्लास, व्हिडिओ, पैसे पाठवणं यांत काही अडत नाही. अडतं ते बाहेरून आत येताना. तुम्ही गोठ्यावरच्या कॅमेऱ्याचं लिहिलंय, म्हणून हे नीट सांगतो. आधी ओएनटीच्या पानावर वॅनचा पत्ता बघा. तो १०० नं सुरू होत असेल आणि त्यापुढचा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर कंपनीनं अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता दिलाय. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात मुळात सुमारे ४२९ कोटीच, ते पुरत नाहीत, म्हणून ही वाटणी. अशा वेळी ब्रिज मोड केला काय नि न केला काय, बाहेरून थेट आत येता येत नाही. आणि तुमचा कॅमेरा त्याच्या कंपनीच्या अ‍ॅपवर दिसत असेल तर तो स्वतःच बाहेर जाऊन जोडणी करतो, त्याला या कशाचीच गरज नाही. हे मी लेखात लिहिलं असतं तर तुम्ही ब्रिजच्या वाटेला गेलाच नसता.

लाइटचा आक्षेप मला सगळ्यात मोलाचा वाटला, कारण त्यावर मी एक ओळही लिहिली नव्हती. हिशोब करू. ओएनटीच्या अडॅप्टरवर बहुधा १२ व्होल्ट १ अँपिअर लिहिलेलं असतं, म्हणजे जास्तीत जास्त १२ वॅट. राउटरचंही तेवढंच धरा. दोन्ही मिळून २४ वॅट, प्रत्यक्षात त्याहून कमी. छताचा साधा पंखा ७० ते ७५ वॅट घेतो. म्हणजे दोन्ही डबे मिळून पंख्याचा तिसरा हिस्साही खात नाहीत, घरच्या इन्व्हर्टरला त्याचं ओझं नाही. अडचण वेगळीच आहे. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू व्हायला क्षणभर घेतो, तेवढ्यात डबा बंद पडतो, आणि पुन्हा उभा राहून लॉगिन करायला दोन-तीन मिनिटं लावतो. आपल्याकडं दिवसातून चार वेळा लाइट ये-जा करते, तेव्हा ही मिनिटं चालू टेस्टच्या मधोमध येतात. त्यासाठी राउटरचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो मधे लावला की डब्याला लाइट गेल्याचं कळतही नाही. त्याला ५, ९ आणि १२ व्होल्टची वेगवेगळी तोंडं असतात. लेबल वाचूनच पिन लावा. ५ व्होल्टच्या यंत्राला १२ दिले तर ते जळतं.

आपल्या घरात लाइट असून उपयोग काय, बाहेरचं बंद पडेल ना, असं वाटेल. पॉन पद्धतीच्या फायबरमध्ये कंपनीचं मुख्य यंत्र आणि आपलं घर यांच्यामध्ये वाटणी करणारे स्प्लिटर असतात, त्यांना वीज लागतच नाही. गावाची लाइट गेली तरी मुख्य यंत्राला बॅकअप असेल तोवर तार जिवंत. काही ठिकाणी मात्र खांबावरच्या पेटीत विजेवर चालणारा स्विच बसवलेला असतो. तिथं तो बंद, की सगळी गल्ली बंद. तुमची लाइन कोणती ते लाइनमनला विचारा.

वळवाच्या पावसाचंही सांगतो. काच वीज वाहून नेत नाही, पण अडॅप्टरची वायर आणि लॅन केबल नेतात. मागच्या मे महिन्यात आमच्याकडं वीज कडाडली आणि राउटर गेला, ओएनटी वाचला. नवा राउटर दुसऱ्या दिवशी आणून लावला, कंपनीची वाट बघावी लागली नाही. एकच डबा असता तर तक्रार नोंदवून बसलो असतो. गोठ्यापर्यंत उघड्यावरून, झाडांवरून तांब्याची केबल नेली असेल तर ढग आले की ती दोन्हीकडून काढून ठेवा.

खर्च मला राउटरचा १४०० आणि केबलचा ६०० पडला. केबल घेताना शुद्ध तांब्याचीच मागा, कॅट ५ ई किंवा कॅट ६. वरून तांबं आणि आत अ‍ॅल्युमिनियम असलेली स्वस्त मिळते, ती टोकाशी पटकन तुटते. आणि तुमचा प्लॅन १०० एमबीपीएसपेक्षा जास्त असेल तर दोन्हीकडं गिगाबिटचा (१००० एमबीपीएसचा) पोर्ट वापरा. कित्येक ओएनटींना एकच पोर्ट गिगाबिटचा असतो, बाकीचे १०० चे. १०० च्या पोर्टातून हाती ९४-९५ च्या वर येत नाही.

आता तुमचं. कंपनीत फोन करून "ब्रिज काढा" म्हणू नका. "डबा रिसेट झालाय, इंटरनेट आणि व्हॉइस, दोन्हीच्या नोंदी पुन्हा टाका" असं म्हणा. काही कंपन्या ते दुरून करतात, काहींना माणूस पाठवावा लागतो. फोनची डायल टोन आली की मगच नव्या राउटरला हात लावा, आणि तो अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर लावा. ओएनटीच्या दिव्यांचा आणि राउटरच्या मागच्या लेबलचा फोटो मला पाठवा, पासवर्ड झाकून. कुठलं बटण कुठं आहे ते मी त्यावर खुणा करून परत पाठवतो.