मोरियासुंची आठ वर्षं

१४ ऑक्टोबर २०२५. हिरोशिमात आमच्या घराखाली ओकोनोमियाकीचं, म्हणजे कोबी घातलेल्या जाड जपानी धिरड्यांचं, एक छोटं दुकान आहे. त्या संध्याकाळी तिथल्या टीव्हीसमोर आम्ही दहाबाराजण दाटीवाटीने बसलो होतो. टोकियोत फुटबॉलची मॅच, जपान विरुद्ध ब्राझील. हाफटाइमला ब्राझील २-० ने पुढे होतं. दुकानाच्या आजी मान खाली घालून गरम तव्यावर कोबी परतत होत्या. मग मिनामिनोचा गोल झाला, नाकामुराचा झाला आणि उएदाने तिसरा मारला तेव्हा आजींच्या हातातलं उलथनं तसंच हवेत राहिलं. ३-२! जपानने ब्राझीलला याआधी कधीच हरवलं नव्हतं.

रात्री अकरा वाजता घरी येऊन मी फोनवर दुसरी मॅच लावली. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर भारत विरुद्ध सिंगापूर. छांगतेने सुरुवातीलाच गोल केला आणि मी एकटीच टाळ्या वाजवल्या. पुढे सिंगापूरने दोन गोल केले, आपण १-२ हरलो आणि २०२७ च्या आशिया कपचं दार बंद झालं. फोन ठेवते न ठेवते तोच कोल्हापूरहून दादाचा कॉल.

"बघितलंस? ह्यो कोच पहिला घरी पाठवा. परदेशी आणा एखादा."

कोच म्हणजे खालिद जमील. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांची नेमणूक झाली तेव्हा तेरा वर्षांनी भारताला भारतीय कोच मिळाला होता. त्यांच्याआधीचे भारतीय कोच गोव्याचे सावियो मदेरा. जमील मुंबईच्या मैदानांवर खेळले, मुंबई एफसीचे अनेक वर्षं कोच होते, आणि २०१७ मध्ये आयझॉलसारख्या लहान क्लबला त्यांनी आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून दिली. २०२४ च्या जूनमध्ये क्रोएशियाच्या स्टिमाचना काढलं तेव्हा हाच दादा म्हणाला होता, "परदेशी बास झाले, आपला माणूस पाहिजे." नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशकडून १-० ने हरल्यावर तर आमच्या कोल्हापूरच्या ग्रुपवर दोन तटच पडले. देशी की परदेशी, ठेवा की काढा.

मी दादाला हसत नाही. आम्ही दोघं शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर वाढलो. आपल्या पेठेची टीम हरली की घरात त्या रात्री कुणाला जेवण जात नसे, हे मला ठाऊक आहे. पण गेली नऊ वर्षं मी या शहरात राहते, आणि ब्राझीलला हरवणारा कोच याच शहरात घडला. म्हणून मला यावर बोलायचं आहे.

हा कोच म्हणजे हाजिमे मोरियासु. ते नागासाकीत वाढले. १९८७ मध्ये ते हिरोशिमाच्या माझदा कंपनीच्या टीममध्ये आले. तेव्हा व्यावसायिक लीग नव्हती. खेळाडू कंपनीत काम करायचे आणि मग सरावाला जायचे. याच टीमचं पुढे सानफ्रेच्चे हिरोशिमा झालं. १९९२ मध्ये जपानचे डच कोच हान्स ऊफ्ट यांनी त्यांना राष्ट्रीय संघात घेतलं तेव्हा यादी वाचणारेही गोंधळले. नावाची चित्रलिपीतली तीन अक्षरं; लोकांनी 'मोरी' हे आडनाव धरलं आणि उरलेलं नाव भलतंच वाचलं. इतका अनोळखी माणूस. गोल मारणारा नव्हेच, मधल्या फळीत मागे राहून दुसऱ्यांचे पास अडवणारा. त्याला शोधून काढणारा कोच परदेशी होता, हे दादाने लक्षात ठेवावं.

मग २८ ऑक्टोबर १९९३, दोहा. इराकविरुद्ध जपान २-१ ने पुढे. जिंकले की आयुष्यातला पहिला वर्ल्ड कप. मोरियासु मैदानावर होते. भरपाईच्या वेळेत इराकने कॉर्नर आखूड घेतला, क्रॉस आला, हेडर, २-२. सगळं संपलं. जपानी माणूस आजही 'दोहाची शोकांतिका' एवढंच म्हणतो, पुढे काही सांगावं लागत नाही.

जानेवारी २००४ मध्ये ते निवृत्त झाले. आणि आता जे सांगते, त्यासाठी हा लेख लिहायला बसले. पहिल्या दर्जाच्या टीमचे मुख्य कोच ते २०१२ मध्ये झाले. मधली आठ वर्षं? कोचिंगचं सर्वात वरचं लायसन्स घेतलं, २० वर्षांखालच्या जपान संघाचे सहायक म्हणून २००७ च्या कॅनडातल्या स्पर्धेला गेले, हिरोशिमात दुसऱ्याच्या हाताखाली काम केलं, मग दोन वर्षं निगाता क्लबला, पुन्हा दुसऱ्याच्याच हाताखाली. पस्तीस सामने देशासाठी खेळलेला माणूस आठ वर्षं सहायक राहिला. आपल्या तालमीत वस्ताद होण्याआधी पोरगा किती वर्षं लाल माती उकरतो, पाणी मारतो, धाकट्यांच्या जोडी लावतो! हे कोल्हापूरकराला मी काय सांगावं?

आल्याआल्या २०१२ मध्ये त्यांनी हिरोशिमाला पहिलं लीग विजेतेपद दिलं. मग २०१३, मग २०१५. क्लब श्रीमंत नाही. दरवर्षी चांगला खेळाडू मोठा क्लब उचलून नेई, आणि रिकामी जागा तरुण पोराने भरायची. तसाच एक पोरगा ताकुमा असानो.

पण हे वाचून कुणी 'बघा जपानी लोकांचा संयम' असं म्हणणार असेल, तर ते मला मान्य नाही. २०१७ च्या जुलैमध्ये हिरोशिमा अठरा टीममध्ये सतराव्या नंबरला घसरलं आणि मोरियासुंना जावं लागलं. २०१८ मध्ये वर्ल्ड कपला दोन महिने राहिलेले असताना जपानने आपले कोच हालिलहोजिचना काढून टाकलं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये पात्रता फेरीत तीनपैकी दोन सामने हरल्यावर, एक तर घरच्या मैदानावर ओमानकडून, माझ्या ऑफिसात रोज चर्चा चाले ती तोवर जपानचे कोच झालेल्या मोरियासुंना हाकलण्याचीच. चाहते सगळीकडे सारखेच. फरक त्याच्या खाली आहे: एकाला काढलं तर दुसरा तयार असतो, कारण अशी आठ वर्षं काढलेली माणसं रांगेत आहेत. काढायचं की ठेवायचं हा निर्णय म्हणून तर इथे थंड डोक्याने घेता येतो.

२०२२ चा वर्ल्ड कप पुन्हा दोहाच्याच परिसरात. पहिल्या सामन्यात जर्मनीविरुद्ध बरोबरी साधली दोआनने, विजयी गोल केला असानोने. तोच हिरोशिमाचा पोरगा, दुखापतीतून नुकता उठलेला, तरीही मोरियासुंनी नेलेला. नंतर स्पेनलाही २-१ ने हरवलं. त्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटांत त्यांना १९९३ आठवलं, आणि तेवढ्यात आपली पोरं मागे न सरता पुढे धावत बॉल हिसकावतायत हे दिसलं, असं त्यांनीच नंतर सांगितलं. क्रोएशियाकडून पेनल्टीवर हरल्यावर ते एकटे प्रेक्षकांसमोर गेले आणि कमरेत वाकून कितीतरी वेळ उभे राहिले. ते पाहताना मी रडले. वर्ल्ड कपनंतर लगेच पुन्हा नेमलेले जपानचे ते पहिले कोच.

खालिद जमील राहावेत असं मला मनापासून वाटतं. पण उद्या ते गेले आणि परदेशी आला, तरी माझा राग त्यावर नसेल. त्या परदेशी माणसाच्या शेजारी वही घेऊन कोण बसणार आहे, एवढंच मी विचारीन.

हे सगळं दादाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्या आठ वर्षांत मोरियासुला पगार कोण देत होतं?"

मी म्हटलं, असोसिएशन, नाहीतर क्लब.

माझ्या भाच्याला जो सर शिकवतो, तो एके काळी पेठेचा लाडका सेंटर हाफ होता. दिवसभर तो पेट्रोल पंपावर असतो. ड्यूटी संपवून संध्याकाळी सहाला मैदानावर येतो, तीस पोरं, चार बॉल, आणि अंधार पडेपर्यंतचा एक तास. त्याला यातून एक रुपया मिळत नाही.

"त्यानं लायसन्सचा कोर्स करायचं म्हटलं," दादा म्हणाला, "तर पंपावर सुट्टी कोण देणार त्याला?"

यावर मला उत्तर देता आलं नाही.